नवे स्थिर होईपर्यंत

संस्थेचं प्रमुखपद हाती आलं त्या दिवशी नव्यांना मनापासून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे आपल्याला कुणीतरी जरा एकटं सोडावं. त्यांची ही साधी इच्छा पुढे जगातल्या सगळ्यात दयाळू माणसांनी एकत्र येऊन हाणून पाडली.

'नवे' हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गेली कित्येक वर्षं त्याच संस्थेत ते हिशेब सांभाळत होते आणि तेव्हा त्यांना चारचौघांसारखं नाव होतं. पण संस्था उभी करणाऱ्या बाई निवृत्त झाल्या, हे त्यांच्या जागी बसले आणि लोक त्यांना 'नवे साहेब' म्हणू लागले. आठवडाभरात 'साहेब' गळून पडलं आणि 'नवे' तेवढं अंगाला चिकटून राहिलं. घरी बायकोसुद्धा फोनवर बहिणीला सांगायची, "थांब गं, नवे आलेत वाटतं."

संस्था म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक शेड. बाहेर पाटी, 'रुग्णसाहित्य केंद्र'. पाटीवर साहित्य हा शब्द असल्यामुळे अधूनमधून एखादे कवी येत. त्यांना कुबड्या दाखवून नम्रपणे परत पाठवलं जाई. घरात कुणी पाय मोडून घेतला, कुणी अंथरुणाला खिळलं, की लोक इथून व्हीलचेअर, वॉकर, वरखाली होणारा पलंग, हवेची गादी असं काहीबाही फुकट वापरायला नेत. माणूस बरा झाला की स्वतः परत आणून देई. नाही झाला तर नातेवाईक आणून देत. एका कोपऱ्यात मिस्तरी चाकं दुरुस्त करत बसलेले असत आणि मागच्या मोरीवर मावशी गाद्या धूत असत. शेडचं भाडं आणि या दोघांचे पगार एका ट्रस्टच्या वार्षिक मदतीवर चालत. ती मदत बंद झाली तर शेडला कुलूप, हे मिस्तरींपासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

ट्रस्टच्या मॅडम पहिल्याच आठवड्यात आल्या. अत्यंत प्रेमळ बाई. आवाज असा, की ऐकताना माणसाला आपण आजारी आहोत असं वाटावं.

"नेतृत्व बदलण्याचा काळ फार नाजूक असतो," त्या म्हणाल्या. "कितीतरी चांगल्या संस्था याच काळात कोसळतात."

"आपली शेड तशी मजबूत आहे," नवे म्हणाले.

"म्हणून ट्रस्टने ठरवलंय, की या बदलात तुम्हाला भक्कम साथ द्यायची. तुम्ही स्थिर होईपर्यंत नेहमीची मदत आम्ही थांबवतोय."

नव्यांना वाटलं, आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. "थांबवताय?"

"हो ना. अस्थिर माणसावर एवढ्या पैशाचा भार नको."

"मग भाडं? पगार?"

"त्याची अजिबात काळजी करू नका. नेहमीच्या मदतीऐवजी आता बदलाची मदत सुरू होईल."

बदलाची मदत तीन माणसांच्या रूपाने आली: एक सल्लागार, एक मार्गदर्शक आणि एक मूल्यमापक. हे तिघे येत राहतील तोवर त्यांच्यासोबत भाड्याचे आणि पगाराचे पैसेही येत राहतील, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे घरात धान्य हवं असेल तर पाहुणे ठेवून घ्यायचे.

सल्लागारांनी आल्याआल्या खिशातून रंगीत चिठ्ठ्या काढल्या आणि दिसेल त्या पृष्ठभागावर चिकटवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत एकही व्हीलचेअर बोडकी राहिली नाही. त्यातली एक गडबडीत तशीच एका आजोबांच्या घरी गेली. महिन्याने ती परत आली तेव्हा तिच्या पाठीवर 'आपली दूरदृष्टी काय?' ही चिठ्ठी तशीच होती आणि खाली आजोबांनी थरथरत्या अक्षरात उत्तर लिहिलं होतं, 'चष्मा बदलल्यापासून ठीक.' सल्लागारांना ते उत्तर फार खोल वाटलं. त्यांनी ते अहवालात घेतलं.

मार्गदर्शक वेगळेच होते. ते फक्त प्रश्न विचारत. उत्तरं माणसाच्या आतच असतात असं त्यांचं मत होतं, आणि ती बाहेर येईपर्यंत ते समोर बसून राहत.

"पंखा लावू का?" नव्यांनी एकदा विचारलं. शेडचा पत्रा तापला होता.

"पंखा लावावा असं तुम्हाला का वाटतंय?" मार्गदर्शक म्हणाले.

"उकडतंय म्हणून."

"आणि हे उकडणं... ते नक्की कुणाचं आहे?"

तासभर दोघेही घामाने निथळत त्या प्रश्नापाशी थांबले. नव्यांना आपल्या आत फक्त तहान सापडली.

अशा वेळी शेजारधर्म जागा झाला नाही तरच नवल. नव्यांच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहत. हाताखाली माणसं उरली नसल्यामुळे त्यांच्याकडे अधिकार शिल्लक पडून होता. जिन्यात गाठून ते म्हणाले, "हे बघा, खुर्चीत बसलात की पहिल्या महिन्यात काहीतरी दिसेल असं बदलायचं. लोकांना धाक बसतो. मी बदली झाली की आधी टेबल फिरवायचो."

"टेबल फिरवून काय होतं?"

"काही होत नाही. पण फिरवलंय हे दिसतं."

नव्यांनी टेबल फिरवलं. दुसऱ्याच दिवशी एक पलंग बाहेर काढताना तो टेबल आणि दार यांच्यामध्ये असा काही अडकला, की ना आत जाईना ना बाहेर. मूल्यमापक नेमके त्याच दिवशी आले होते आणि पलंगाच्या आतल्या बाजूला राहिले होते. मिस्तरींनी टेबलाचे पाय कापले तेव्हा दुपार टळून गेली होती. मूल्यमापकांनी नोंद केली, 'बाहेर पडण्याचे मार्ग मर्यादित.' नवे त्यानंतर बुटक्या टेबलावर काम करू लागले. भेटायला येणाऱ्यांना ते उगीचच उंच आणि गर्विष्ठ वाटत.

पण खरी पंचाईत झाली ती बाईंमुळे. सल्लागारांचा नियम असा, की नवा माणूस रुजायचा असेल तर जुन्याने सहा महिने तिकडे फिरकायचं नाही. बाईंनी तो मान्य केला. अडचण एवढीच, की बाई शेडच्या समोरच, पहिल्या मजल्यावर राहत आणि त्यांची गॅलरी बरोब्बर शेडच्या दारावर उघडे.

पहिल्याच दिवशी वरून आवाज आला, "अरे, तो वॉकर देऊ नकोस त्यांना! त्याचा डावा पाय आखूड आहे!"

सल्लागारांनी गॅलरीत येण्यावर बंदी घातली. बाई चिडल्या. "माझ्या कुंड्यांना पाणी कोण घालणार? तुमचा मार्गदर्शक?" शेवटी वाटाघाटी होऊन असं ठरलं, की बाईंनी गॅलरीत यावं, पण शेडकडे पाठ करून उभं राहावं आणि संस्थेतल्या कुणाशीही बोलू नये.

बाई शब्दाच्या पक्क्या. दुसऱ्या दिवसापासून त्या पाठ करून उभ्या राहू लागल्या आणि कुंडीशी बोलू लागल्या. चांगल्या खणखणीत आवाजात.

"काय गं कुंडे," त्या म्हणायच्या, "दवाखान्यामागच्या आजींची गादी आज परत आणायची असते हे कुणाच्या लक्षात आहे का? सुनेला फोन करून उपयोग नाही. मुलाला करायचा, तोही जेवणानंतर."

खाली नवे टेबलावर वाकून, कुणाचं लक्ष नाही असं बघून, जेवणानंतर मुलाला फोन करत. दोन महिन्यांत त्यांना कुंडीकडून अख्खी संस्था शिकायला मिळाली: कुठल्या घरी पलंग जिन्यातून जात नाही, कोण गादी परत देताना रडतं आणि अशा वेळी काय बोलायचं नसतं. एकदा त्यांनी न राहवून खालून विचारलंसुद्धा, "पण बाई, तो पलंग मग न्यायचा कसा?" बाईंनी मान वळवली नाही. "कुंडे," त्या म्हणाल्या, "मधे बोलू नये. गच्चीवरून दोर सोडायचा."

या गुप्त शिक्षणाचा परिणाम व्हायचा तोच झाला. मूल्यमापक पुन्हा आले तेव्हा नव्यांनी त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर धडाधड दिलं. मग मूल्यमापकांनी मिस्तरींना विचारलं, "नव्या प्रमुखांवर तुमचा विश्वास आहे?"

"आहेत की," मिस्तरी स्पोकमधून डोकं वर न काढता म्हणाले. "बसलेले असतात."

मावशी म्हणाल्या, "त्रास नाही हो त्यांचा काही."

चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला. आवाज आनंदाने भरून आलेला. "अभिनंदन! ठरल्यापेक्षा कितीतरी आधी तुम्ही स्थिर झालात. ट्रस्टच्या इतिहासात एवढ्या लवकर कुणी झालं नव्हतं. बदलाची मदत या महिन्यापासून बंद!"

नव्यांचा ऊर क्षणभर भरून आला. आयुष्यात त्यांचा पहिला नंबर कशातच आला नव्हता. "मग आता नेहमीची मदत सुरू ना?"

"ती वर्षाच्या सुरुवातीला स्थिर असलेल्या संस्थांना देतात. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही अस्थिर होतात."

"पण आता स्थिर आहे!"

"आता आहात. तेव्हा नव्हतात."

"आणि मधले महिने? मॅडम, मालक कुलूप घेऊनच हिंडतो."

मॅडमनी आवाज खाली आणला. "मी बोलले असं कुठे म्हणू नका. पण... थोडे अस्थिर होता येईल का तुम्हाला?"

त्या संध्याकाळी नव्यांनी जेवताना बायकोला विचारलं, "अगं, मी अस्थिर वाटतो का?"

बायकोने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "नाही हो. तुमचं कायमच असं असतं."

म्हणजे घरून काही मदत मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशी नव्यांनी मिस्तरींना आणि मावशींना बुटक्या टेबलापाशी बोलावलं आणि सगळं उलगडून सांगितलं. मूल्यमापक फेरतपासणीला येणार आहेत. आपली शेड वाचायची असेल तर त्यांना असं वाटायला हवं, की संस्थेचं अजून काही खरं नाही. तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल जरा तक्रार करा.

"असं कसं बोलायचं साहेब?" मिस्तरी कासावीस झाले. "तोंडातून शब्द निघायचा नाही."

"दोन वाक्यं बोला. म्हणा, यांना काही कळत नाही."

"जमेल तसं बघतो," मिस्तरी जड मनाने म्हणाले.

मूल्यमापक आले. नवे गाद्यांच्या कपाटामागे उभे राहिले. मिस्तरी आधी अडखळले, घसा खाकरला, आणि मग बोलू लागले. शब्द निघाला. त्यामागून दुसरा निघाला. टेबलाचे पाय कापायला लावले तिथपासून सुरुवात करून ते मागे मागे जात नवे हिशेब बघत त्या काळापर्यंत पोहोचले. पान्ह्याच्या बिलावर त्यांनी कसे तीन प्रश्न विचारले होते हे मिस्तरींना तारखेसकट पाठ होतं. मावशी मोरीवरून हात पुसत आल्या, म्हणाल्या, "मी एकच सांगते," आणि त्यांनी नवे दारातून आत येण्याआधी कसे खोकतात त्याची नक्कल करून दाखवली. मूल्यमापक खुर्चीत हसून लवंडले. व्हीलचेअर असल्यामुळे ते थोडे मागेही गेले. नक्कल इतकी हुबेहूब होती, की गॅलरीतून पाठमोऱ्या बाईंचा आवाज आला, "कुंडे, खोकतो मात्र अगदी अस्साच."

कपाटामागे नव्यांना खोकला आला होता. तो त्यांनी गिळला. माणसाचा स्वाभिमान नक्की कुठे असतो हे त्यांना त्या दुपारी समजलं; घशात असतो.

मूल्यमापक गेल्यावर मिस्तरी घाम पुसत आले. चेहऱ्यावर समाधान. "जमलं ना साहेब?"

"फारच."

"अजून होतं. पण त्यांचे कागद संपले."

प्रकरण इतकं गंभीर ठरलं, की नव्यांना थेट ट्रस्टच्या अध्यक्षांपुढे हजर राहण्याचा निरोप आला. नवे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. शेडच्या मालकाने महिनाअखेरीची मुदत दिली होती. ट्रस्टच्या कार्यालयात फरशी एवढी गुळगुळीत होती, की तिथे कुबड्या घेऊन कुणी आलं तर त्याला दुसऱ्या कुबड्या लागल्या असत्या.

दारातच मॅडम भेटल्या. डोळे लाल. "तुम्हाला कळलं नसेल. आमचे अध्यक्ष गेले."

"अरेरे! कसे?"

"निवृत्त झाले हो. सोमवारपासून नवीन आलेत. आणि त्यांनी आल्याआल्या काय ठरवलंय माहितीये? ते स्थिर होईपर्यंत सगळ्याच संस्थांची सगळीच मदत थांबवायची." त्यांनी रुमाल नाकाला लावला. "माझा पगारही त्यातच येतो."

अध्यक्षांच्या दालनाबाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर सल्लागार, मार्गदर्शक आणि मूल्यमापक शेजारी शेजारी बसले होते. सल्लागारांच्या मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. तिघांनी नव्यांकडे ओळखीचं हसू हसून पाहिलं आणि मग एकदमच बंद दाराकडे पाहिलं. नव्यांना अचानक त्या दारामागच्या माणसाबद्दल सख्ख्या भावासारखी माया वाटली. नव्यांची वेळ आधीपासून ठरलेली होती, म्हणून मॅडमनी त्यांना आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

आत भलंमोठं टेबल होतं आणि टेबलावर एक डोकं. खुर्चीचा कुठलासा दांडा ओढला गेल्यामुळे अध्यक्ष खाली गेले होते आणि ते आता वर येत नव्हते.

"तुम्ही कोण?" डोक्याने विचारलं.

"मी नवे."

"मीसुद्धा," अध्यक्ष खिन्नपणे म्हणाले.

नव्यांनी पुढे होऊन खुर्चीचा दुसरा दांडा ओढून पाहिला. अध्यक्ष आणखी खाली गेले. मग दोघेही कोपऱ्यातल्या सोफ्यावर जाऊन बसले.

"बाहेर आहेत का अजून ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"तिघेही."

"त्यातल्या एकाने मला विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय. मी म्हटलं, भीती वाटते. तर तो म्हणाला, भीतीचा रंग कुठला?"

"मग तुम्ही?"

"करडा म्हणालो. चुकलं का?"

"करडा चालेल. मी हिरवा म्हणालो होतो. दोन बैठका वाढल्या."

अध्यक्षांनी नव्यांचा हात धरला. पन्नाशीचा माणूस, पण हात परीक्षेला निघालेल्या पोरासारखा गार. "मला इथलं काही माहीत नाही हो. आधीचे अध्यक्ष फोन उचलत नाहीत. त्यांना बंदी केलीय म्हणे. सगळे सांगतात, स्थिर होईपर्यंत काही करू नका, सगळं थांबवून ठेवा. मी थांबवलं. तरी भीती जात नाही."

इतके महिने नव्यांना प्रश्न फार विचारले गेले होते, पण कुणाला उत्तर हवंय असं पहिल्यांदाच दिसत होतं. त्यांनी खोकून घसा साफ केला आणि मग मावशी आठवून वाईट वाटलं, पण ते बोलले.

"साहेब, आमच्याकडे पाय मोडलेला माणूस येतो. त्याला आम्ही कुबडी देतो आणि म्हणतो, चाला. तुमचा ट्रस्ट त्याच्या हातातली कुबडी काढून घेतो आणि म्हणतो, आधी चालून दाखवा, मग परत देऊ. बाई गेल्या तेव्हा मला काय हवं होतं? जे पैसे येत होते ते तसेच यायला हवे होते. एखादं वर्ष. बाईंना तोंड इकडे करून बोलू द्यायला हवं होतं. आणि कुणीतरी अधूनमधून फोन करून विचारायला हवं होतं, की बाबा, काय मोडलंय."

"बस?"

"बस."

"आणि हे बाहेरचे तिघे?"

"ज्याला हवे त्याने मागावेत. मागितले की पाठवा."

"तुम्ही मागाल?"

"नाही."

अध्यक्ष उठले. टेबलावरचा फोन उचलून त्यांनी मॅडमना सांगितलं, की थांबवलेली सगळ्या संस्थांची मदत पहिल्यासारखी सुरू करा. या रुग्णसाहित्यवाल्यांची आधी, आणि मधल्या महिन्यांची धरून. पलीकडून मॅडमचा आवाज नव्यांनाही ऐकू आला, "सर, हे कुणाच्या सल्ल्याने म्हणून लिहू?"

"कुणाच्याच नाही."

"आत्ता करते सर," मॅडम कुजबुजल्या. "त्यांना कळायच्या आत."

शेड वाचली. नव्यांना वाटलं होतं, असं काही झालं तर आपण रस्त्याने नाचत जाऊ. प्रत्यक्षात त्यांनी चुरगळलेला शर्ट तेवढा सारखा केला. आता घरी जावं, मिस्तरींना सांगावं, म्हणून ते उठले.

"जाऊ नका," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "दार उघडलं की ते आत येतील."

तेवढ्यात दारावर अगदी हळुवार टकटक झाली. "सर," मार्गदर्शकांचा मायाळू आवाज आला, "तुम्हाला आत्ता कुणीतरी जवळ असावंसं वाटतंय का?"

अध्यक्षांनी झटकन दिवे घालवले. दोघेही पावलं न वाजवता टेबलामागे गेले आणि खाली जमिनीवर बसले. दाराखालच्या फटीतून सहा बूट दिसत होते. बराच वेळ गेला. कार्यालय सुटल्याची गडबड झाली, लिफ्ट चार-सहा वेळा खालीवर झाली, आणि मग सगळं सामसूम झालं. बूट तसेच होते.

"तुमच्या वेळी," अध्यक्षांनी अगदी दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्याजवळ असं कोण बसलं होतं?"

नव्यांनी थोडा विचार केला. "कुणी नाही."

अध्यक्ष अंधारात जरा बाजूला सरकले. "मग इकडे या," ते म्हणाले. "इथे भिंत गार आहे."